पाणी माझ्या हातून सांडलं

२ मार्च

शेंडेफळास,

माझं अक्षर पाहिलंस तर तू हे पाकीट न फोडताच कपाटात टाकशील, म्हणून वरचा पत्ता मावशींच्या हातचा आहे. मावशी म्हणजे आपली कुणी नव्हे. इथे आम्हाला उठवणं, बसवणं, अंघोळ घालणं हे सगळं ज्या करतात त्यांना मावशी म्हणायचं. या मावशी माझ्यापेक्षा पस्तीस वर्षांनी लहान आहेत, पण मीही मावशीच म्हणते. फसलीस ना? आता फोडलंच आहेस तर वाच.

मी वृद्धाश्रमात आहे. जिथे दिवसरात्र नर्स असतात आणि आठवड्यातून दोनदा डॉक्टर येतात, त्यातला. ऑक्टोबरात न्हाणीत पाय घसरला, खुब्याचं हाड मोडलं. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू आली नसतीस आणि मला ते सहन झालं नसतं. किंवा आली असतीस, आणि तेही झालं नसतं.

खोली बरी आहे. एक खाट, एक खिडकी, खिडकीत कुंडी, कुंडीत कसलंसं मरतुकडं झाड. सगळे मला ‘बाई’ म्हणतात, शाळेत म्हणायचे तसं. पण इथे बाई मी नाही. इथली बाई म्हणजे आमची नर्स. ठेंगणी आहे, आवाज खणखणीत, आणि ऐकून घ्यायची सवय नाही. तुला आवडेल. हॉस्पिटलातून मी आले तेव्हा मला लघवीची नळी लावलेली होती, पिशवी खाटेला लटकलेली. मला वाटलं, आता ही जन्माची सोबतीण. हिने तिसऱ्याच दिवशी डॉक्टरांशी फोनवर हुज्जत घालून ती काढायला लावली. “गरज नाही तर नळी नाही. नळी म्हणजे जंतूंना वर चढायला आयता जिना,” म्हणाली. तेव्हापासून माझ्या दारामागे पाण्याचा तक्ता लटकतो. दिवसाला आठ ग्लास, प्रत्येक ग्लासामागे एक खूण. आणि दर दोन तासांनी मावशी दारात उभ्या. “बाई, चला.” लागलेली असो वा नसो, जायचंच. चौतीस वर्षं मी दुसऱ्यांना घंटेवर नाचवलं, त्याची ही परतफेड असावी.

आणखी ऐक, हस हवं तर. एकोणऐंशीव्या वर्षी मला शिकवलं की पुसायचं ते पुढून मागे, मागून पुढे कधीच नाही. मी म्हटलं, अहो, मी गणित शिकवलंय. नर्सबाई म्हणाल्या, “हे गणितात नव्हतं ना, बाई?”

बरं. मुद्दा. भेटायची वेळ रविवारी तीन ते पाच. अकरा वर्षं झाली. त्या दिवशी तुझ्या घरात जे झालं ते झालं, ते उगाळायला मी बोलवत नाही. माझी चूक की तुझी, हेही नको. फक्त ये. एकदा बसून जा.

तुझी ताई


१९ मार्च

शेंडेफळा,

तू फोन केलास! माझ्याशी नाही, ऑफिसात केलास, ते जाऊ दे. “रविवारी सत्तावीस तारखेला येते, असं कळवा” एवढंच म्हणालीस म्हणे आणि ठेवून दिलास. ऑफिसातला माणूस चिठ्ठी घेऊन आला तेव्हा मी त्याला तीनदा वाचायला लावली. चौथ्यांदा म्हटल्यावर तो चिठ्ठी माझ्याच हातात ठेवून गेला.

आल्यावर घाबरू नकोस. मी वाळले आहे. केस पार कापूसच झालेत, पण मावशी त्यांना वळण देतात. तू दिलेली हिरवी शाल अंगावर घेणार आहे, उकडलं तरी. बिस्किटं आणून ठेवली आहेत. तुला दोन खुर्च्यांपैकी खिडकीजवळची देणार, तिचा हात मोडका नाही.

एक गोष्ट तुला सांगते, नर्सबाईंना सांगू नकोस. गुरुवारपासून मी पाणी तोडणार आहे. आत्ताच थोडं कमी केलंय. त्याचं असं आहे की मला शिंक आली, हसू आलं, खुर्चीतून उठायला एक क्षण उशीर झाला, की संपलं. पॅड असतो, मावशी तो लगेच बदलतात, ओलं ठेवत नाहीत. पण वास येतोच गं. आणि तू समोर बसलेली असताना “बाई, चला” अशी हाक आली तर मी कुठे बघू? अकरा वर्षांनी तू येणार आणि तुझी ताई ओली. नको. मला कोरडी, ताठ, नीट बसलेली बघ. तेवढा मान राहू दे माझा.

आणि पाणी न पिणं मला काय नवीन आहे? शाळेत बायकांसाठी एकच संडास होता, तोही मुख्याध्यापकांच्या खोलीला लागून. सकाळी घरून निघताना पाण्याचा एक घोट, मग थेट संध्याकाळी. सगळ्याच बाया तसं करायच्या. मुलींनी मधेच बोट वर केलं तर मी म्हणायची, “मी थांबते ना, मग तूही थांब.” आता आठवलं की कसंतरीच होतं.

इथे फसवायला मात्र अक्कल लागते. मावशी ग्लास भरून ठेवतात, दुसऱ्या खोलीत जातात. मी तो कुंडीत ओततेय आणि तक्त्यावर खूण करतेय. आयुष्यभर परीक्षेत लबाडी करणारी पोरं पकडली आणि आता स्वतः करतेय, तीही सफाईने. झाड मात्र तरारलंय बघ!

तुला आठवतं? तू सहा-सात वर्षांची होईपर्यंत अंथरूण ओलं करायचीस. सकाळी बाबा उठायच्या आत मी तुला उठवायची. तुझा फ्रॉक बदलायचा, आणि उशाशी असलेला पाण्याचा तांब्या त्याच जागेवर पालथा करायचा. बाबा आले की मी म्हणायची, “पाणी माझ्या हातून सांडलं.” रोजच्या रोज. बाबा मला धांदरट म्हणायचे, एकदा कान इतका पिरगळला की डूल रुतला. तू चादरीआडून बघत असायचीस. आईलासुद्धा आपण कधी सांगितलं नाही. तेव्हा मला मोठं व्हायची किती हौस होती, आणि तूच माझं सगळ्यात मोठं कारण होतीस.

म्हणून म्हणते, तुझ्यासमोर नको. ते माझं काम होतं, तुझं नाही.

रविवारी तीन वाजता. मी अडीचपासून दाराकडे बघत बसेन, पण तू आलीस की वाचत असल्यासारखं करेन. ओळखशीलच.

तुझी ताई


८ एप्रिल

तू आली नाहीस.

हे पत्र लिहू नये असं परवापर्यंत वाटत होतं. पण मला राग दाबून ठेवता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत आहे?

मी काही वाट बघत राहिले असं समजू नकोस. मला वाट बघायची शुद्धच नव्हती. शनिवारपासून अंगात कसकस होती, आणि रविवारी दुपारी जे झालं ते मला आठवत नाही, मला सांगण्यात आलं आहे. मी म्हणे हिरवी शाल पांघरून खोलीत वर्ग घेत होते. डॉक्टरांना सतराचा पाढा विचारला. त्यांना तेरा सक्कं चुकलं म्हणून उभं राहायला सांगितलं. (सतराचा विचारला आणि तेराचं चुकलं कसं, हे मला विचारू नकोस.) इथपर्यंत हसायला ठीक आहे. पुढचं ठीक नाही.

मावशींनी माझ्या तोंडाला पाण्याचा ग्लास लावला तर मी तो भिरकावला आणि ओरडले की ही बाई मला उपाशी मारते, पाण्याच्या थेंबाला तरसवते, मला खोलीत कोंडून ठेवते. अख्ख्या मजल्याने ऐकलं. ज्या बाईने पाच महिने मला पोटच्या पोरीसारखं केलं, तिला. नियम असा आहे की कुणी असा आळ घेतला की ज्याच्यावर घेतला त्याला चौकशी होईपर्यंत दुसऱ्या मजल्यावर पाठवायचं. मावशी वर आहेत. अजून खाली आल्या नाहीत.

मग मला हॉस्पिटलात नेलं. लघवीत जंतुसंसर्ग, अंगातलं पाणी पार कमी. सलाईन, औषधं, आठ दिवस. शुद्धीवर आल्यावर नर्सबाई भेटायला आल्या. मला वाटलं आता झाडतील. त्यांनी खुर्ची ओढली आणि नुसतंच विचारलं, “कुंडीला किती पाणी घातलंत, बाई?” मी सगळं कबूल केलं. अगदी रडले, लहान मुलीसारखी.

त्या म्हणाल्या, म्हाताऱ्या माणसाला या संसर्गाने जळजळ होईलच असं नाही, तापही कधी धड येत नाही. डोकं मात्र फिरतं. कालपर्यंत शहाणं असलेलं माणूस एका दिवसात भलतंच बोलायला लागतं, आपल्याच माणसावर आळ घेतं. “तुम्ही मावशींना जे बोललात ते तुम्ही नव्हतात. आजार होता तो. पाणी प्यायला असतात तर बहुतेक टळलंही असतं.”

ती गोष्ट ऐकल्यापासून माझ्या डोक्यात काहीतरी सलतंय. त्यावर आज लिहिणार नाही.

रविवारचं मला एवढंच अंधुक आठवतं की कुणी नवी मावशी आली होती. हात गार होते तिचे. चमच्याने पाणी पाजत होती, एकेक चमचा, घाई न करता. मी तिलाही काहीबाही बोलले असेन. पण बाई धांदरट हं! माझ्या खाटेवर भरलेला ग्लासच्या ग्लास पालथा केला. चादर चिंब. नर्सबाईंना काय म्हणाली ते ऐकायला आलं नाही. मी शुद्धीत असते तर तिची चांगली हजेरी घेतली असती. परत आल्यापासून ती दिसली नाही. काढून टाकलं असेल.

तू आली होतीस का, हे मी इथे कुणाला विचारलेलं नाही. विचारणारही नाही. “नाही आल्या” हे उत्तर दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मी काही तितकी म्हातारी झालेली नाही.

ताई


१४ एप्रिल

शेंडेफळा,

सहा दिवस झाले, ते सलणं जात नाही. लिहून टाकते.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, माझी चूक की तुझी, नको उगाळायला. लबाडी होती ती. उगाळलं तर माझीच निघेल, हे मला आतून कुठेतरी माहीत असावं.

आईची शेवटची दोन वर्षं तुझ्याकडे गेली. मी महिन्यातून एकदा यायची, फळं आणायची, आईचा हात हातात घेऊन तासभर बसायची आणि बस पकडून घरी जायची. त्या शेवटच्या खेपेला आईने माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “ही मला उपाशी ठेवते गं. पाण्याच्या थेंबाला तरसवते. मला घेऊन चल.” तू स्वयंपाकघराच्या दारात उभी होतीस, हातात आईचा कप. मी तुला एक शब्द विचारला नाही. मामा-मामी, आत्या, सगळे बसलेले. त्यांच्यासमोर म्हणाले, “म्हातारीला छळतेस? लाज नाही वाटत?” तू कप खाली ठेवलास आणि आत गेलीस. बारा दिवसांनी आई गेली. अंत्यविधीला मी तुझ्याकडे न बघता उभी होते.

तेच शब्द गं. अगदी तेच. पाण्याच्या थेंबाला तरसवते. माझ्याच तोंडून बाहेर पडले, आणि ज्या बाईने ग्लास ओठाला लावला होता तिलाच.

नर्सबाईंना विचारलं, आमच्या आईचंही तेच असेल का? त्या म्हणाल्या, “असू शकतं. आता खात्रीने कुणीच सांगू शकणार नाही. त्या एकाएकी तशा बोलायला लागल्या होत्या का?” मी म्हटलं, मला माहीत नाही, मी महिन्यातून एकदाच जायची. हे बोलताना माझा आवाज मलाच ऐकवेना. ज्याला माहीत होतं त्या माणसाला मी विचारलंच नव्हतं.

आईला पाणी प्यायला तू किती विनवण्या करायचीस, हे आता आठवतं. “आई, दोन घोट. आई, एकच घोट.” मी बसल्या जागेवरून म्हणायची, नको म्हणतेय तर कशाला मागे लागतेस? तिलाही उठायला लागायचं म्हणून नको असेल. तिलाही तुझ्यासमोर ओलं व्हायची लाज वाटत असेल. मला हे कळायला एकोणऐंशी वर्षं आणि एक कुंडी लागली.

माझं चुकलं. मामा आज नाहीत, मामी नाहीत, आत्या नाहीत. ज्यांच्यासमोर बोलले त्यातलं कुणी उरलं नाही, नाहीतर त्यांच्यासमोरच म्हटलं असतं. तू आली नाहीस ते बरोबर केलंस. मीही आले नसते.

पण तुझी आठवण येते. हे मला सरळ लिहिता येत नव्हतं, म्हणून इतकी बडबड. सकाळी जाग आली की पहिल्यांदा वाटतं, तू बाजूच्या अंथरुणात आहेस आणि बाबा उठायच्या आत तुला उठवायला हवं.

उद्या वरच्या मजल्यावर जाऊन मावशींची माफी मागणार आहे. तिथून सुरुवात करते.

ताई


१६ एप्रिल

शेंडेफळा, शेंडेफळा,

काल वर गेले. चाकाच्या खुर्चीतून, नर्सबाईंनी ढकलत नेलं. मावशी कुणाची तरी उशी झटकत होत्या. मी हात जोडले तर त्यांनी माझे हात खाली केले. म्हणाल्या, “बाई, मला ठाऊक नव्हतं होय? पण पुन्हा झाडाला पाणी पाजलंत तर झाडाला दत्तक देईन तुम्हाला.” चौकशी कधीच संपली होती. इथे वरच माणूस कमी होतं म्हणून थांबल्या होत्या. सोमवारपासून खाली येतात.

निघताना मी म्हटलं, ती नवी मावशी कुठे गेली हो? गार हातांची. तिलाही काहीतरी बोलले असेन.

मावशी नर्सबाईंकडे बघायला लागल्या. नर्सबाई जमिनीकडे.

“नवीन कुणीच आलेलं नाही बाई, आहेत तीच माणसं कमी पडतात इथे,” मावशी म्हणाल्या. “त्या तुमच्या बहीण होत्या.”



तू तीनला पाच कमी असताना आलीस. मी तुला ओळखलं नाही. तू पाणी पाजायला लागलीस आणि मी तुलाही तेच बोलले, उपाशी मारतेस, थेंबाला तरसवतेस. दुसऱ्यांदा तुला ते ऐकावं लागलं, त्याच घरातल्या माणसाकडून. मावशी सांगत होत्या, तू थबकलीस, चमचा तसाच धरून. मग म्हणालीस, “बरं, असू दे. अजून एक घोट.”

मग मी ओली झाले. शाल, चादर, सगळं. आणि मी म्हणे घाबरून दाराकडे बघायला लागले, “बहीण येईल, तिला दिसेल, बहीण येईल आत्ता.” तू उठलीस, टेबलावरचा ग्लास घेतलास आणि माझ्या खाटेवर पालथा केलास. नर्सबाई धावत आल्या तेव्हा तू त्यांना म्हणालीस, “पाणी माझ्या हातून सांडलं.”

त्यांना वाटलं, खरंच सांडलं. कालपर्यंत त्या तेच धरून होत्या. तांब्याची गोष्ट मी सांगितल्यावर त्यांना कळलं.

आणि तूच त्यांना म्हणालीस ना, की हिची लघवी तपासा, आजच तपासा, आमची आई शेवटी अशीच एकाएकी बोलायला लागली होती आणि कुणी तपासलं नाही? नर्सबाई म्हणाल्या, “आम्ही म्हणत होतो, ऊन फार आहे, पाहुणे यायचे म्हणून बाईंना हुरूप आलाय. तुमच्या बहिणीने हट्ट धरला नसता तर अजून एक दिवस गेला असता.” तो दिवस मला परवडला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणजे तुला आईचं माहीत होतं. कधीपासून? अकरा वर्षं तुला माहीत होतं आणि तू एकदाही मला सांगायला आली नाहीस. कशी येशील म्हणा. मी दार लावून बसले होते.

जाताना तू मावशींना बजावलंस, “तिने विचारलं तर सांगा मी आले होते. न विचारता सांगू नका.” आणि मी तर विचारायचंच नाही असं ठरवून बसलेली! तीन आठवडे अख्खा आश्रम ओठ शिवून माझ्याकडे बघत होता. अगं, एवढा हट्टीपणा कुणाकडून घेतलास? नको सांगूस, माहीत आहे मला.

हिरवी शाल धुऊन वाळून आली आहे. तिच्यावर काल इतकी रडले की पुन्हा धुवायला द्यावी लागेल.

चोवीस तारखेला रविवार आहे. ये. पाच वाजले तरी कुणी उठवणार नाही, मी नर्सबाईंकडून कबूल करून घेतलंय. तक्ता खरा आहे आता, आठच्या आठ ग्लास पोटात जातात, मावशी समोर उभ्या राहून बघतात. त्यामुळे मी नक्की ओली होणार. तुझ्याशी बोलता बोलता, हसता हसता, कधीतरी होईनच. होऊ दे.

तुझी खुर्ची खिडकीजवळ ठेवली आहे. तिच्या उजव्या हाताला टेबल आहे, आणि टेबलावर एक ग्लास जास्तीचा भरून ठेवणार आहे. तो प्यायचा नाही.

तुझी ताई